राजाच्या थडग्यावरचं नाव

पद्माकर टिपणीस बोटीवर चीफ इंजिनीयर. वर्षातले सात महिने समुद्रावर, बाकीचे सिंगापुरात, बेडोकच्या फ्लॅटमध्ये. घरी असला की महाराष्ट्र मंडळात त्याचं एक भाषण ठरलेलं: गडांच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्या दिवट्यांवर. असं तोंडसुख घ्यायचा की ऐकणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हावं.

नव्वद साली त्याची बोट अल्जिअर्सला अडकली होती. तेव्हा एका टॅक्सीवाल्यानं त्याला तिथल्या बर्बर जमातीच्या जुन्या राजाचं थडगं दाखवून आणलं. चौऱ्याण्णवमध्ये लेकीला, मैत्रेयीला, शाळेत प्राचीन राज्यांवर बोलायचं होतं. बाबांना काय, आयतीच संधी! त्यानं त्या थडग्याची गोष्ट रंगवून सांगितली. जुबा राजा: बाप लढाईत हरलेला, रोमन लोकांनी विजयाच्या मिरवणुकीत फिरवलेलं ते तान्हं पोर, रोममध्येच वाढून बर्बर मुलखाचा राजा झालेलं. क्लिओपात्राची मुलगी त्याची राणी. टेकडीएवढं थडगं, भोवती साठ खांब.

"आणि गंमत बघ, एवढं बांधलं, पण राजाचं नाव त्यावर कुठंच नाही!"

थडग्यापाशी उभा असलेला आपला फोटो त्यानं खालच्या दुकानातून हौसेनं मोठा करून आणला.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयी शाळेतून आली आणि फोटो टेबलावर पालथा ठेवून बसली.

"कसं झालं ग?"

"ओके लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "बाबा, टीचरनी विचारलं, मागे दगडावर काय लिहिलंय."

पद्माकरनं चष्मा लावला. छोट्या फोटोत नुसते ओरखडे दिसायचे. इथं देवनागरीतलं अक्षर न् अक्षर लागत होतं: पद्माकर टिपणीस, सिंगापूर. तेव्हा टॅक्सीवाला पाणी प्यायला गेला होता, आपल्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. दोन मिनिटांचं काम. चार वर्षांत त्याला त्याची साधी आठवणसुद्धा झाली नव्हती. कानशिलं तापली. लाज वाटली, सपाटून वाटली, आणि लेकीकडे बघायचा धीर होईना. देवनागरी त्यानंच तिला शिकवली होती, दर रविवारी, याच टेबलाशी.

"मग तू काय सांगितलंस?"

मैत्रेयी बुटाची नाडी सोडत राहिली.

"आय सेड, इट्स द किंग्ज नेम." नाडी सुटली, तरी तिनं मान वर केली नाही. "नाव कुठंच नाही म्हणालात ना, तो पार्ट मी बोललेच नाही."