भेक, कुत्रा आणि कंपनीचा गूळ

परवा लेकीने जर्मनीहून फोटो पाठवला. ओल्या पाचोळ्यावर पालीसारखा दिसणारा, काळाकुळकुळीत, पिवळ्या ठिपक्यांचा प्राणी. सॅलॅमँडर म्हणे. खाली लिहिलं होतं, ‘याच्या कातडीतून विष येतं. आठवतंय का काही?’

आठवतंय तर. आम्ही तेव्हा बोईसरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, लेक प्राथमिक शाळेत होती. मागच्या मोरीपाशी एक थोराड भेक, खडबडीत पाठीचा मोठा बेडूक, असायचा. दिवेलागणीला किडे खायला बाहेर यायचा. आमच्या कुत्र्याचा त्याच्यावर डोळा होता.

एका संध्याकाळी कुत्रा तोंडाला फेस आणून, झोकांड्या खात घरात आला. शेजारची काकू जवळच्या मुरबे गावची. ती दारातूनच ओरडली, “नाल्याचं पाणी प्यायला हाय तो! गूळ द्या, गूळ!”

बोईसरमध्ये काहीही बिघडलं की दोष कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याला आणि उपाय गूळ. कंपनीत धुळीत काम करणाऱ्यांना गूळ मिळायचा, तो घरोघरी डब्यात साठायचा. नवऱ्याने लगेच डबा आणला. कुत्र्याने खडा थुंकला. यांनी पुन्हा कोंबला.

“अहो, त्याला कामावर घेताय का?” मी म्हणाले.

“आई, मरेल का गं तो?” लेकीने विचारलं.

“माहीत नाही. बॅटरी आण.”

मोरीपाशी भेक फुगून बसला होता. डोळ्यांमागच्या उंचवट्यांवर रुईच्या चिकासारखं पांढरं काहीतरी आलेलं. मग कळलं, कुत्र्याने भेकाला तोंडात धरलं होतं. कुत्र्याला नळाखाली ओढलं, तोंड खाली धरलं आणि पाणी घशात जाणार नाही अशा बेताने हिरड्या फडक्याने पुसून काढल्या. लेकीने त्याचे पाय धरले होते. तिने ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. तसंच रिक्षात घालून गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. काकू मागून म्हणालीच, “गूळ तरी बांधून न्या.”

सकाळी कुत्रा पोळी मागत होता.

भेकाला कोणी हाकललं नाही. मात्र त्यानंतर बोईसर सोडेपर्यंत, दिवे लागले की लेक बॅटरी घेऊन मोरी आणि कुत्रा यांच्या मध्ये उभी राहायची. अभ्यासाला बोलावलं तरी हलायची नाही.

आता पालघरच्या फ्लॅटमध्ये फरशी स्वच्छ असते. तिच्यावर ना भेक येतो, ना कुत्र्याचे पाय उमटतात. कुत्रा म्हातारा होऊन गेला.

मी लेकीला लिहिलं, ‘आठवतंय. हात नाही ना लावलास?’

‘नाही गं. शेजाऱ्यांचं कुत्रं सोबत होतं. त्याला उचलून घेतलं.’