लोणीवालीनं पाहिलेली दोन शहरं

पुण्याजवळ पौडला आमच्या ओट्यावर दर बाजाराला एक लोणीवाली येऊन टेकायची. नाव मी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. एसटी सुरू झाली तरी ही आपली डोंगरातून अनवाणी चालतच यायची. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायची, तेवढं मला जरा अवघडल्यासारखं व्हायचं.

एका वर्षी तिच्या मुलीला दोन स्थळं आली, मुंबईचा गिरणीकामगार आणि पुण्याचा हमाल. घरं बघायला ही दोन्हीकडे जाऊन आली आणि मला सांगत बसली ते रस्त्यांचंच.

"मुंबईत चालायला लई सुख, वैनी. मानसांना कडंनं येगळी फरशी हाय, कोन कुनाला इचारत न्हाई. पुन्यात बोळ हे एवढालं, मागनं सायकलवाला घंटी वाजीवतोय, आन् वर वट्यावरल्या म्हाताऱ्या इचारत्यात, कुनाची गं तू?"

"मग मुंबईच ठरली म्हण की."

"न्हाई. पुनं."

लोण्याचं मडकं डोक्यावर घेत ती म्हणाली, "मुंबईतनं पोरीला चालत म्हायेरी येता येतंय व्हय?"

लग्नाला वर्ष झालं असेल. ती आमच्याकडे लोणी द्यायला आली होती, तेवढ्यात तीच मुलगी धुळीच्या पायांनी आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. एकटीच, पुण्याहून चालत. आईनं तिच्या पायांकडे बघितलं. का आलीस, हेही विचारलं नाही. तिला खाली बसवलं आणि मडक्यातलं विकायचं लोणी काढून तिच्या तळव्यांना चोळायला लागली.