मावशींचं आमेन

हिंगोलीतल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये सतरंजीवर अगदी पुढे बसणाऱ्या मावशी प्रार्थनेनंतर आमेन म्हणायच्या, पण पटलं तरच. नाही पटलं तर विचारायच्या, "काहून?" पाळकसाहेब हसून उत्तर शोधत. आमच्या घरातून कॉलेजात पहिला मीच गेलो. तिथं सरांना शंका विचारायला उठताना मला मावशीच आठवायच्या.

एकदा बाहेरगावचे मोठे उपदेशक येणार होते. पंचकमिटीच्या अध्यक्षांनी मावशींना दारातच अडवलं. "आज काहून म्हणलात तं पुढच्या रविवारपासून येऊ नका."

उपदेश नोहाच्या तारवावर झाला, म्हणजे महापुरात प्रत्येक जनावराची जोडी ज्यात वाचली त्या जहाजावर. शेवटी सगळे आमेन म्हणाले. मावशी मात्र तोंडाला पदर लावून गप्प. पाळकसाहेबांना ते बघवेना. ते उभे राहिले. "विचारा मावशी. देव काही रागवत नाही."

"एवढी जनावरं कोंडलेली," मावशी पाहुण्यांना म्हणाल्या, "मंग शेण कोण काढत व्हतं?"

अध्यक्षांनी डोळे मिटले, ते प्रार्थनेसाठी नव्हे. पाहुणे बराच वेळ पुस्तकाची पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू मावशी? मला माहीत नाही."

मावशींनी पदर सोडला आणि त्या दिवसाचं सगळ्यात मोठं आमेन म्हटलं.