नवरदेवाचा शॉट

"बस खाली. गुडघ्यावर. अन् घे त्याला खांद्यावर."

हे मला आमच्या टीमच्या मालकांनी सांगितलं. माईकवरून. चाकण रस्त्यावरच्या एका लॉन्सवर, भरल्या मांडवात, त्यांच्या मुलाच्या लग्नात. मुलगा माझ्यासमोर उभा होता. घोड्यावरून उतरताना त्याचा पाय लिदीत पडला होता आणि सोनेरी मोजडीला ती तशीच चिकटलेली होती. ते पाय माझ्या छातीवर लोंबणार होते.

मी बास्केटबॉल खेळते. पोटासाठी खेळते. शाळा-कॉलेजात हौसेने खेळणाऱ्या कैक जणी असतात, लग्न ठरलं की त्यांचे बूट माळ्यावर जातात. माझे नाही गेले. बास्केटखाली उभं राहायचं आणि समोरच्याचा शॉट हवेतच अडवायचा, हे माझं काम. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी कंपन्यांना जमिनी विकल्या, मग मोठी गाडी घेतली, मग बंगला बांधला, मग लीगमधली आमची टीम घेतली. त्याच क्रमाने. टीममध्ये कोण राहणार हे तेच ठरवायचे.

लग्नाला सगळ्यांनी जर्सी घालून यायचं, असा कोच सरांचा निरोप आला. आम्हाला वाटलं मानाने जेवायला बोलावलंय. खुळ्या आम्ही. तिथे गेलो तर दोन रांगा करून उभं केलं, हातात एकेक बॉल दिला. नवरदेव मधून चालत येईल तेव्हा तो बोटावर फिरवायचा. पैठण्यांच्या गर्दीत आम्ही चड्डीवर. कुणाचे काका, कुणाचे मामा सेल्फीसाठी येत होते आणि कमरेत हात घालत होते. तोंडाला तंबाखूचा वास. मला किळस आली. ती अजून गेलेली नाही.

मग भाऊंच्या वहिनी अक्षतांचं ताट घेऊन आल्या. माझी उंची बघून हसल्या, कौतुक केलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. माझ्यापर्यंत आलेलं ताट तसंच पुढच्या मुलीकडे गेलं. "असं होय," एवढंच म्हणाल्या. या दोन शब्दांत काय काय असतं ते आमच्या देहूरोडच्या वस्तीत शाळकरी पोरालाही कळतं. तरी मी गप्प राहिले. मला टीम हवी होती.

शेवटी स्टेजसमोर बास्केटची रिंग आणली. झेंडूच्या माळांनी मढवलेली. नवरदेव बॉल टाकणार, मी अडवल्यासारखं करायचं आणि मुद्दाम चुकायचं. सरांनी कानात सांगितलं. मी तेही केलं. हात वर केले आणि बाजूला झाले. फेटा सांभाळत त्याने बॉल टाकला, तो रिंगपर्यंत पोचलाच नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. नवरीकडचे फिदीफिदी हसायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं, आणि भाऊंच्या लेखी ते अंगण मी. त्यांनी माईक उचलला आणि मला खाली बसायला सांगितलं.

मी लहान होते तेव्हा वडील आकुर्डीच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून यायचे आणि मला विहारामागच्या मैदानावर न्यायचे. रिंगला हात लागावा म्हणून खांद्यावर बसवायचे. सदऱ्याला ऑइलचा वास असायचा. खांद्यावर घेणं मला तेवढंच माहीत होतं. बापाने लेकराला घ्यायचं. हा एवढा थोरला घोडा माझं लेकरू नव्हता.

मी म्हणाले, "बसणार नाही."

भाऊ माईक बाजूला ठेवून जवळ आले. चेहरा हसरा, कारण व्हिडिओ चालू होता. हळूच म्हणाले, "तुमच्यातल्या पोरींना कोन इचारतं गं? आमी वर काढलं तुला. आन् आज माझ्या पोराला वर घ्यायला लाज वाटती व्हय?"

आमी वर काढलं. मी त्या मैदानावर गुडघे फोडून घेत उडी मारायला शिकत होते तेव्हा हा माणूस कुठे होता? मी सरांकडे पाहिलं. सर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. रांगेतली एकही मुलगी हलली नाही.

मी नवरदेवाला म्हणाले, "टाका. आता मी खेळणारे."

त्याला वाटलं गंमत चाललीय. त्याने टाकला. मी गुडघे वाकवले, उडी घेतली आणि बॉल हवेतच हाणला. तो पाहुण्यांच्या डोक्यांवरून आहेराच्या टेबलावर जाऊन आदळला. स्वच्छ ब्लॉक. कुठल्याही रेफरीने शिट्टी वाजवली नसती. डीजे थांबला. मी तशीच, जर्सीवर, गेटबाहेर येऊन बसची वाट बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. भाऊंच्या पाया पडायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा, विषय मिटेल. नाहीतर टीम विसर. आई म्हणाली, पड बाई पाया, त्याने काय झिजतं. चिंचवडच्या सोसायट्यांमध्ये लोकांच्या फरश्या पुसत तिचे गुडघे झिजले आहेत आणि तीच मला हे विचारत होती. वडील माझ्याकडे बघत राहिले.

मी नाही म्हणाले. टीम गेली. दुसऱ्या टीमच्या मालकांनी निवड चाचणीलाही बोलावलं नाही. तेही त्याच मांडवात जेवून गेले होते. वाईट वाटतं. खेळाशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि शरीर कुणासाठी थांबत नाही. हे मी गोड करून सांगणार नाही.

रोज सकाळी विहारामागच्या मैदानावर जाते. सिमेंट उखडलंय, रिंगला जाळी नाही. चालतं. मिळेल त्या टीमकडून, मिळेल त्या गावाकडून मी खेळणार. एक ना एक दिवस भाऊंची टीम समोर येईल. मॅचला ते पहिल्या रांगेत सोफा टाकून बसतात, तसंच बसावं आणि बघावं. बास्केटखाली मी असेन. माझे गुडघे वाकतील. उडी मारण्यापुरते.