गल्ल्यामागची हिरवी जाळी

शिक्रापूरला हायवेलगत एकाचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. खाऱ्या पाण्यातले मासे आमच्या शिरूरपर्यंत तो एकटाच विकतो, म्हणून त्याचं तोंड बघावं लागतं. काहीही विचारा, तो आधी काचेवर टकटक करणार आणि म्हणणार, "काय न्हाई हो सर, हवा बदललीया." मासा खात नाही, हवा बदललीया. मासा दगडाला अंग घासतोय, तरी हवाच बदललीया!

गेल्या महिन्यात त्याच्याकडून आणलेल्या माशाच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले. ते परजीवी किडे होते, घरच्या टाकीतल्या सगळ्या माशांना लागले. सगळे मासे वेगळ्या टबात काढून औषध देईपर्यंत पाच मेले. आता किडे उपाशी मरावेत म्हणून माझी टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची.

मी तणतणतच दुकानात गेलो. तो एकच ओली जाळी या टाकीतून त्या टाकीत बुडवत होता.

"अहो, ह्या जाळीनंच रोग पसरवताय तुम्ही!" मी ओरडलो.

"काय न्हाई हो सर," तो हसला.

गल्ल्यामागं एक छोटी टाकी आहे. तिच्यातले मासे विकायचे नसतात, ते त्याच्या हौसेचे. तिच्यावर खिळ्याला हिरवी जाळी टांगलेली दिसली.

"मग ही वापरा की!" म्हणत मी हात घातला, तसं त्यानं धावत येऊन माझं मनगट धरलं.

"तिला हात नका लावू सर. माझ्या माशांना रोग लागंल."