भाव पाडणारी वहिनी

भागीरथीवहिनी गेल्याचा निरोप अकोल्याहून आला, तेव्हा मी अमरावतीच्या कापूसबाजारात एका व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होतो. तो म्हणाला, "भाव पाडणारी थेच ना?" मी त्याला तिथल्या तिथे झाडला. गेलेल्या माणसाबद्दल तरी जीभ आवर म्हणालो... पण काय करता, नाव पडलं ते पडलंच.

अरे, भाव कसला पाडते ती बाई! तिने नवरा वाचवला होता. गोविंदा, माझा दोस्त, अकोल्याच्या बाजारात दलाल. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडकला, आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला असा भाव चढला की कालपर्यंत अनवाणी फिरणारे अत्तर लावून हिंडू लागले. गोविंदाने महादेवाला नवस केला: भाव टिकू दे, सोमवारी अन्नाला शिवणार नाही. भाव चढतच गेला. झालं! सारा बाजार त्याच्या उपासावर विसंबला. सोमवारी त्याने ढेकर दिली तरी लोकांच्या पोटात गोळा यायचा.

पण उपाशी माणसाचा दिवस सरता सरत नाही. गोविंदाने तोड काढली, मोहाची दारू! "मोह म्हंजे फूल हाय, धान्य थोडीच हाय? उपासाले चालते," हे त्याचं शास्त्र. वहिनी कडाडायची, "महादेवाले फूल वाहतेत, गाळून पीत नाईत!" उपाशीपोटी दारू माणसाला आतून पोखरते, असं वैद्यबुवाही सांगून थकले. हा ऐकेल तर शपथ.

श्रावणातल्या एका सोमवारी भर बाजारात तो थरथरू लागला. दरदरून घाम, हात थंडगार, जीभ बोबडी. लोक म्हणाले, अंगात आलं! एकाने तर पायावर डोकं ठेवून पुढचा भाव विचारला. मी धावत वैद्यबुवांना आणलं. नाडी धरताच ते ओरडले, "देव कसला, उपाशीपोटी ढोसली आहे यानं! अजून गिळतो आहे तोवर गूळ घालून ज्वारीची पेज पाजा, नाहीतर हातचा जाईल."

वहिनी पेजेचं भांडं घेऊन धावत आली, तर व्यापारी आडवे! "वहिनी, धान्य नोका देऊ! उपास मोडला त भाव पडन!"

"पडू द्या मेल्याले! माहा माणूस मरून रायला अन् तुमाले भाव सुचते? सरका, नाई त हे पेज तुमच्या डोक्यावर ओततो!"

सरकले सगळे. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि शिव्या देत देत घोटघोट पेज पाजली. बऱ्याच वेळाने गोविंदाने डोळे नीट उघडले आणि विचारलं, "भाव काय हाय?" वहिनीने चारचौघांत त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग ओक्साबोक्शी रडली.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळला. लढाईचं कोण ऐकतो? अकोल्याच्या लेखी भाव वहिनीच्या पेजेने पडला. कोणी टोमणा मारला की ती म्हणायची, "हो बाप्पा, म्याच पाडला." आणि दर सोमवारी गोविंदाला समोर बसवून भाकर खाऊ घातल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. दारू तर सुटलीच.

परवा त्याला भेटायला गेलो. चुलीपुढे एकटाच बसून स्वतः थापलेली, करपलेली भाकर पाण्यात बुडवून खात होता. डोळे वाहत होते.

"काय करून रायला गोविंदा?"

"उपास मोडून रायलो," तो म्हणाला. "सोमवार हाय ना आज... उपाशी रायलो त थे रागावन."