खंडेनवमीचा डॅशबोर्ड

पिंप्राळ्यात आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये सासऱ्यांची मोटार उभी असायची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. गाडी तेव्हाच जुनी म्हणून ओळखली जायची. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. मोतीबिंदूनंतर त्यांनी चालवणं सोडलं होतं, माझे यजमान स्कूटरवर खूश होते, आणि मोटार चालवायला शिकले होते मी. पण गाडीतली वीज भरवशाची राहिली नव्हती. वायपर लावला की दिवे मंद व्हायचे, मीटरचे काटे मनाला येईल तिकडे जायचे आणि हॉर्न कधी वाजेल याचा नेम नसायचा.

दर दसऱ्याला नाना या गाडीनं धुळ्याला थोरल्या बहिणीला, अक्कांना, सोनं द्यायला जायचे. गेली दोन वर्षं ते एसटीनं गेले. परत आल्यावर शेडकडे न बघता घरात शिरले. त्या वर्षी नवरात्रात दाणाबाजारातले एक शेठ घरी आले. लग्नांत नवरदेवाला मिरवायला त्यांना अशीच गाडी हवी होती. नाना म्हणाले, "दसऱ्याला धुळ्याला गेली, तर ठेवतो. नाही गेली, तर दुसऱ्या दिवशी घेऊन जा."

मला गाडी जाऊ द्यायची नव्हती. ती गेली की मी पुन्हा स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन.

मेकॅनिकनं दिवाळीनंतरचा वायदा दिला. मी घरी शिवणकाम करायची. शिलाई मशीन पूर्ण खोलून, साफ करून परत बसवणं माझ्या हातचं काम होतं. डॅशबोर्डही माणसानंच बसवलेला असणार, म्हणजे निघणारच. अष्टमीच्या दुपारी मी बॅटरीची वायर सोडवली आणि कामाला लागले.

खालच्या कडेचे स्क्रू आधी काढले. स्पीडोमीटरच्या मागची केबल हातानं फिरवून निघाली. प्रत्येक वायर सोडवताना तिला ब्लाऊजच्या दोऱ्याची गाठ मारली आणि ती जिथून निघाली तिथंही त्याच रंगाची. माझ्याकडे रंगांची कमी नव्हती. मग डॅशबोर्ड हळूहळू पुढं ओढला आणि मागच्या सीटवर गोधडी टाकून तिच्यावर ठेवला.

आत बघितलं आणि दुखणं कळलं. कधीतरी कुणीतरी वायरींचा जुडगा केळीच्या सोपटानं, खोडाच्या सालीच्या पट्टीनं, बांधला होता. आमच्याकडे फुलांच्या पुडीपासून भाजीच्या जुडीपर्यंत सगळं सोपटानं बांधतात, त्यानं वायरी बांधल्या. ओलं असताना सोपट घट्ट बसतं, वाळलं की पापडासारखं तुटतं. जुडगा सुटून खाली लोंबत होता आणि त्याच्या ओढीनं अर्थिंगची वायर ढिली होऊन तिचं टोक हिरवं पडलं होतं.

यजमान डोकावून म्हणाले, "अगं, हे परत बसेल का?"

"बसेल. तुम्ही चहा टाका."

उरलेलं उद्या करू म्हणून मी उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाने, पक्कड, पेचकस, सगळं पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूच्या पाकळ्यांखाली. खंडेनवमी. हत्यारांची पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हे मला माहीत होतं, म्हणून शिवणाच्या डब्यातला छोटा पेचकस मी बाजूला ठेवला होता. नानांनी तोही शोधून पूजेत मांडला होता. शेजारी माझी कात्री.

"नाना, उद्या धुळ्याला जायचंय ना?"

"जायचंय."

"मग स्क्रू कशानं लावू?"

नाना शेडमध्ये आले, उघड्या गाडीत वाकून बघितलं. "हाई काय शे? बठ्ठं पोट उघडं." सगळं पोट उघडं होतंच. मग म्हणाले, "हातानं होईल ते कर. हाताची पूजा नाही मांडली मी."

"टोकं घासायला पॉलिश पेपर घेऊ?"

"कागद म्हणजे सरस्वती. ती पण पाटावर बसली आहे."

मग मी स्वयंपाकघरातून चिंच आणली. तांब्याची भांडी घासतो तशी पितळी टोकं चिंचेनं घासली, पुसली आणि गाडीची उन्हाकडची दारं उघडून वाळू दिली. ऑक्टोबरचं ऊन, लगेच खडखडीत झाली. नाना खुर्ची टाकून राखणीला बसले, माझ्या की हत्यारांच्या, ते कळलं नाही. वायरी मी मशीनच्या जाड दोऱ्यानं बांधल्या, रंगाला रंग जुळवून जोडल्या आणि डॅशबोर्ड जागेवर टेकवला. स्क्रू बोटांनी लागेल तितके लावले. पुढं ते हलेनात.

नानांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून पुढं केलं.

"आणि हे चालतं?" मी विचारलं.

"लक्ष्मीची पूजा दिवाळीला. आज ती मोकळी आहे."

स्क्रूच्या खाचा रुंद होत्या. नाणं नेमकं बसलं.

बॅटरीचा नट मात्र पान्याशिवाय आवळता येईना, त्यामुळं केलेलं काम बरोबर आहे की नाही हे तपासायची सोय नव्हती. दसऱ्याच्या सकाळी नानांनी पाटावर अक्षता टाकून पाट हलवला आणि पाना माझ्या हातात दिला. नट आवळला, चावी फिरवली. दिवे लागले. वायपर चालू केला, दिवे तसेच राहिले. हॉर्न वाजला. पेट्रोलचा काटा मात्र तळाशी पडून राहिला.

"हा गेला," मी म्हटलं.

"टाकीत पेट्रोल आहे का?" यजमानांनी विचारलं.

नव्हतं. कॅनमधून ओतलं, तसा काटा शहाण्यासारखा उठला. नानांनी बोनेटला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पुढं माझ्या शेजारी बसले.

एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोचलो. वाटेत नाना दर थोड्या वेळानं मीटरकडे बघत होते. डोळ्यांना दिसत नव्हतं ते, मला विचारत होते, "किती आहे?" मी सांगितलं की मान हलवायचे.

अक्का ओट्यावरच बसल्या होत्या. "कोनी आणं तुले?"

"मन्ही सून," नाना म्हणाले. "गाडी पण तिनंच बसवली."

"मग तू काय केलं?"

"मी राखण केली."

अक्कांनी आपट्याची पानं आधी मला दिली. नानांना थोडा वेळ तसंच उभं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ ठरल्याप्रमाणे आले. नानांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि गाडी मिळणार नाही म्हणून सांगितलं.

"पण नाना, तुमचे डोळे..."

"ड्रायव्हर आहे घरात. पगार मागत नाही."

"मागणार आहे," मी आतून म्हटलं.

शेठ हसले. विकत नाही तर पुतण्याच्या लग्नाला एक दिवस तरी द्या, म्हणाले. नाना म्हणाले, "तिला विचारा." मी बाहेर येऊन सांगितलं, देते, पण चालवणार मी. शेठनी कप खाली ठेवला, नानांकडे बघितलं. नाना खिडकीबाहेर बघत होते. शेवटी शेठ म्हणाले, "मग साडी चांगली नेसा, ताई. फोटो निघतील."